सूत्र तेच, मग एकीकडे उजेड आणि दुसरीकडे अंधार का? (व्यतिकरण आणि विवर्तन)

निळीशाई

नमस्कार मंडळी. पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रकाशाच्या तरंगांचा भाग आठवडाभर वाचतेय आणि एकाच जागी अडून बसलेय. गणितं सुटतात, उत्तरं जुळतात, पण जे करतेय ते का करतेय हे कळत नाही. ते कळल्याशिवाय पुढचं प्रकरण उघडायचं नाही असं ठरवलंय.

अडचण अशी. दोन फटींच्या प्रयोगात फटींमधलं अंतर गुणिले साइन थीटा (थीटा म्हणजे सरळ समोरच्या दिशेपासूनचा कोन) बरोबर लॅम्डा (तरंगलांबी) झालं की पडद्यावर त्या जागी उजेड. एका फटीच्या विवर्तनात, म्हणजे फटीतून जाताना प्रकाश बाजूला पसरतो त्यात, फटीची रुंदी गुणिले साइन थीटा बरोबर लॅम्डा झालं की त्या जागी अंधार. दोन्हीकडे पथांतर, म्हणजे दोन तरंगांनी कापलेल्या अंतरांतला फरक, एक पूर्ण तरंगलांबी. पूर्ण तरंगलांबीचा फरक म्हणजे उंचवट्यावर उंचवटा येणार, इथपर्यंत मला पटलंय. मग एका फटीच्या वरच्या कडेकडून आणि खालच्या कडेकडून येणाऱ्या तरंगांत पूर्ण तरंगलांबीचा फरक असताना तिथे अंधार कसा? त्यांचेही उंचवटे जुळायलाच हवेत ना?

दुसरी शंका याच्याच शेजारची. पुस्तकात व्यतिकरणाचं (तरंग एकमेकांत मिसळून वाढतात किंवा कटतात त्याचं) प्रकरण वेगळं आणि विवर्तनाचं वेगळं. या खरंच दोन वेगळ्या घटना आहेत का?

चौकटीबाहेर

मलाही हेच पडलं होतं. "दोन फटी असतील तर उजेड, एक असेल तर अंधार, एवढं लक्षात ठेव" असं सांगण्यात आलं, मी ठेवलं, मार्कही मिळाले. कारण अजून माहीत नाही. धाग्यावर थांबतो.

लंबक

निळीशाई, प्रश्न अगदी नेमक्या जागी बोट ठेवून विचारलात. पंचवीस वर्षं शिकवताना दर वर्षी बहुतेक मुलं इथून न अडखळता पुढे जाताना पाहिली आहेत, आणि ज्यांना इथे अडखळायला झालं त्यांनाच पुढे हा विषय नीट समजला.

तुमचं म्हणणं बरोबर आहे. दोन कडांचे तरंग त्या दिशेला जुळतातच. त्या दोघांपुरतं पाहिलं तर तिथे उजेडच आहे. पण फट म्हणजे फक्त दोन कडा नव्हेत. मधली सगळी जागा उघडी आहे आणि तिथूनही तरंग येतो आहे. त्याचा हिशोब राहिला.

फटीचे मनातल्या मनात १०० सारखे तुकडे करा. पहिला वरच्या कडेला, शंभरावा खालच्या. वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत पथांतर एक तरंगलांबी आहे. मग १ आणि ५१ या तुकड्यांत किती? अर्धी. एकाचा उंचवटा येतो तेव्हा दुसऱ्याचा खळगा. दोघं मिळून शून्य. २ आणि ५२? पुन्हा अर्धी. असं करत ५० आणि १००. पन्नास जोड्या झाल्या, प्रत्येक जोडी शून्य, आणि बाहेर कोणी उरलं नाही. म्हणून अंधार.

दोन अरुंद फटी असतात तेव्हा मधला भाग झाकलेला असतो. १ नंबरचा तरंग मारायला ५१ नंबरवाला तिथे नाहीच. फक्त १ आणि १०० आहेत, आणि ते जुळलेले आहेत. म्हणून उजेड.

तेव्हा सूत्रात लॅम्डा दिसला की आधी विचारायचं, हा फरक कोणाकोणातला, आणि त्यांच्या मधे आणखी कोण कोण बोलतंय?

निळीशाई

सर, खूप आभार. हे वाचून एकदम हलकं वाटलं, पण अर्ध्या तासाने पुन्हा शंका आली. १ ची जोडी ५१ शी लावायची हे आपण ठरवलं. मी १ ची जोडी १०० शी लावली, २ ची ९९ शी, तर? १ आणि १०० जुळलेले आहेत, म्हणजे या पद्धतीने काहीतरी उरायला हवं. जोड्या मी कशा लावते यावर पडद्यावरचा अंधार अवलंबून असू शकत नाही. माझं कुठे चुकतंय?

रात्रपाळी

ध्वनिमुद्रणात काम करतो, त्यामुळे तरंगांशी रोजचा संबंध. मी याकडे बाणांनी बघतो. त्यात निळीशाईंच्या दोन्ही शंका सुटतील असं वाटतं.

प्रत्येक तुकड्याकडून पडद्यावरच्या त्या बिंदूपाशी जे येतं त्याला घड्याळाच्या काट्यासारखा एक छोटा बाण समजा. बाणाची लांबी म्हणजे आयाम (तरंगाची उंची), बाणाची दिशा म्हणजे फेज (तरंग आपल्या फेरीत त्या क्षणी कुठे आहे ते). पथांतर पूर्ण तरंगलांबीचं असेल तर काटा पूर्ण फेरी मारून पुन्हा तिथेच. अर्ध्या तरंगलांबीचं असेल तर बरोबर उलटा. आता हे सगळे बाण एकाच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी असे जोडत जायचे. पहिल्या शेपटीपासून शेवटच्या टोकापर्यंत सरळ अंतर मोजायचं. त्याचा वर्ग म्हणजे तिथली तीव्रता.

अगदी समोरच्या दिशेला सगळे बाण एकाच दिशेचे. १०० बाण, १०० लांबीची सरळ रेघ. सगळ्यात जास्त उजेड.

थोडं बाजूला सरका. प्रत्येक बाण मागच्यापेक्षा किंचित वळलेला. रेघ वाकायला लागते, तिची धनुकली होते. आणखी सरका. पहिल्या आणि शेवटच्या बाणात अर्ध्या फेरीचा फरक झाला की अर्धवर्तुळ. परीघाचा अर्धा भाग १०० असेल तर व्यास ६४ च्या आसपास, आणि ०.६४ चा वर्ग ०.४. म्हणजे मधल्या तीव्रतेच्या ४० टक्के उजेड तिथे अजून आहे. दोन अरुंद फटींमध्ये नेमक्या याच अर्ध्या फरकाला दोन बाण एकमेकांविरुद्ध आणि पूर्ण अंधार! आणखी पुढे गेलात, कडांमधला फरक पूर्ण फेरीचा झाला, की बाणांचं वर्तुळ पुरं होतं. शेवटचं टोक पहिल्या शेपटीला येऊन चिकटतं. सरळ अंतर शून्य.

आता तुमच्या उलट्या जोड्या. १ आणि १०० दोघांचे बाण, समजा, वर. २ किंचित उजवीकडे कललेला, ९९ तेवढाच डावीकडे, त्यांची बेरीज अजून वरच. असं २५ आणि ७६ पर्यंत या, एक उजवीकडे आडवा, दुसरा डावीकडे आडवा, बेरीज जवळपास शून्य. त्यानंतरच्या जोड्यांची बेरीज खाली. ५० आणि ५१ दोघेही खाली. बाहेरच्या पंचवीस जोड्यांनी जेवढं वर नेलं तेवढंच आतल्या पंचवीस जोड्यांनी खाली आणलं. लंबक यांच्या जोड्या लगेच शून्य होतात, तुमच्या शेवटी शून्य होतात. बेरीज कुठूनही सुरू करा.

पुढे काय होतं तेही बघा. कडांमधला फरक दीड फेरीचा झाला की बाण एक पूर्ण वर्तुळ फिरून वर अर्धं वर्तुळ करतात. तीच १०० ची लांबी आता दीड फेरीत गुंडाळली गेली, त्यामुळे व्यास उरला फक्त २१. वर्ग केला तर साडेचार टक्के. एका फटीच्या चित्रात मधला पट्टा लख्ख आणि बाजूचे एवढे फिके का, त्याचं कारण हेच आहे. हे सगळं मी सूत्र न वापरता, सुतळीचा तुकडा बोटाभोवती गुंडाळून काढलं होतं.

लंबक

रात्रपाळी, फार सुंदर. एक बारीक भर, परीक्षेच्या कामाची. बाजूचा पट्टा सगळ्यात उजळ नेमका दीड तरंगलांबीला नसतो, जरासा आधी, १.४३ ला असतो, आणि तिथे तीव्रता ४.७ टक्के भरते. दीड हा सोयीचा अंदाज. अंधाराच्या जागा मात्र पूर्ण आकड्यांवर तंतोतंत येतात.

निळीशाई

सुतळी घेऊन बसले. वर्तुळ पूर्ण झालं तेव्हा खरंच अंगावर काटा आला. अरुंद फटीतून प्रकाश जास्त का पसरतो हेही मला यातूनच कळलं असं वाटतंय. बघा बरोबर आहे का. फट अरुंद असेल तर दोन कडांमध्ये पूर्ण फेरीचा फरक पडायला जास्त तिरकं जावं लागतं, म्हणून पहिला अंधार लांब जातो. आणि फट तरंगलांबीपेक्षाही अरुंद असेल तर कितीही तिरकं गेलं तरी पूर्ण फेरी होतच नाही, म्हणजे अंधाराची रेघ कुठेच नाही. साइन एकच्या वर जाऊ शकत नाही याचा अर्थ हाच ना?

लंबक

अगदी हाच.

रात्रपाळी

आणि म्हणूनच दाराआडचं बोलणं ऐकू येतं, बोलणारा दिसत नाही. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. १७० हर्ट्झच्या खालच्या सुराची तरंगलांबी २ मीटर, दार असतं ९० सेंटिमीटरचं. त्या सुरासाठी दार ही तरंगलांबीपेक्षा अरुंद फट झाली, तो सगळीकडे पसरतो. ८५०० हर्ट्झच्या 'स्स' मधल्या तीक्ष्ण भागाची तरंगलांबी ४ सेंटिमीटर, त्याचा पहिला अंधार अडीच अंशांवर. तो जवळपास सरळ जातो. शेजारच्या खोलीतलं बोलणं घुमल्यासारखं, धार गेल्यासारखं ऐकू येतं त्यात याचा वाटा आहे. हिरवट प्रकाशाची तरंगलांबी अर्धा मायक्रोमीटर धरली तर तेच दार तिच्या १८ लाख पट रुंद होतं. पसरणं आहेच, पण डोळ्याला जाणवेल इतकं नाही.

लंबक

वाटा आहे म्हणालात ते बरं केलंत. घरात भिंतींवरून परत येणारा आवाजही तितकाच असतो. विवर्तन एकटं पाहायचं असेल तर मोकळ्या मैदानात एकाच भिंतीच्या आड उभं राहून ऐकावं.

जुनीवही

निळीशाईंच्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, म्हणून लिहिते. दोन प्रकरणं वेगळी का आहेत याचं उत्तर इतिहासात आहे.

विवर्तन आधी दिसलं. इटलीतल्या ग्रिमाल्दी यांनी बारीक छिद्रातून आलेल्या उन्हात वस्तूची सावली पाहिली, तर ती सरळ रेषांच्या हिशोबापेक्षा वेगळी आणि कडेला पट्टे असलेली. त्यांचं पुस्तक त्यांच्या निधनानंतर १६६५ साली आलं, आणि 'डिफ्रॅक्शन' हा शब्द त्यांचाच. पण हे का घडतं त्याचं कारण त्यांच्याकडे नव्हतं. नंतर हॉयगेन्स यांनी १६९० च्या ग्रंथात मांडलं की तरंगाच्या आघाडीवरचा प्रत्येक बिंदू नव्या छोट्या तरंगाचा उगम समजायचा. ते छोटे तरंग एकमेकांना मारतात किंवा वाढवतात हा विचार मात्र त्यात नव्हता.

तो आणला थॉमस यंग यांनी. सगळ्या पुस्तकांत त्यांच्या नावावर दोन फटी असतात, पण १८०३ साली रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधातला प्रयोग मला जास्त आवडतो. खिडकीच्या झडपेला बारीक भोक, त्यातून आलेली उन्हाची तिरीप, आणि तिच्या मधोमध कडेवर उभी धरलेली एक इंचाच्या तिसाव्या भागाइतकी रुंद कागदी पट्टी. पट्टीच्या सावलीच्या आत पट्टे दिसले. मग त्यांनी पट्टीच्या एका बाजूने येणारा प्रकाश अडवला. दुसऱ्या बाजूचा तसाच चालू होता, तरी सावलीतले पट्टे गेले! म्हणजे ते पट्टे दोन्ही बाजूंच्या प्रकाशाने मिळून केले होते. इतक्या साध्या कृतीने एवढी मोठी गोष्ट सिद्ध झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आणि १८१८ मध्ये फ्रेनेल यांनी दोन्ही धागे एकत्र विणले. हॉयगेन्सचे छोटे तरंग घ्या, यंगच्या नियमाने त्यांची बेरीज करा, विवर्तन आपोआप निघतं. त्यामुळे माझ्या मते या दोन घटना नाहीतच. मोजक्या उगमांची बेरीज केली की आपण व्यतिकरण म्हणतो, सलग पसरलेल्या असंख्य उगमांची केली की विवर्तन.

त्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. फ्रेंच अकादमीच्या स्पर्धेत परीक्षकांपैकी प्वासाँ प्रकाश हा तरंग आहे या मताच्या विरुद्ध होते. त्यांनी फ्रेनेलच्याच गणिताने दाखवलं की गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यावर उजेडाचा ठिपका पडायला हवा. त्यांच्या दृष्टीने हे अशक्य होतं. आरागो यांनी प्रयोग करून पाहिला आणि ठिपका सापडला. १८१९ मध्ये बक्षीस फ्रेनेल यांना मिळालं.

निळीशाई

थांबा, बाणांनी करून बघते. चकती गोल, तिच्या कडेचा प्रत्येक बिंदू सावलीच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर. म्हणून कडेवरून येणारे सगळे बाण एकाच दिशेचे. किंचित बाजूला सरकलं की अंतरं वेगवेगळी, बाण विस्कटले, अंधार. असंच?

जुनीवही

असंच. आणि म्हणून चकतीची कड तंतोतंत गोल आणि गुळगुळीत लागते.

चौकटीबाहेर

एक मूलभूत शंका. फटीत काहीच नाही, मोकळी जागा आहे. मग तिथला प्रत्येक बिंदू तरंग कसा सोडेल? मला ही नुसती हिशोबाची युक्ती वाटते.

लंबक

युक्ती आहेच, पण पोकळ नाही. ती का चालते ते असं पाहा.

आधी फट नसलेला अख्खा अपारदर्शक पडदा घ्या. त्याच्या मागे अंधार. का? आपण म्हणतो, पडद्याने प्रकाश अडवला. पण विद्युत्क्षेत्रांचा नियम बेरजेचा आहे, दिव्याचं क्षेत्र पडद्यापाशी येऊन संपत नाही. घडतं असं की दिव्याच्या क्षेत्राने पडद्यातले इलेक्ट्रॉन हलतात, तेही क्षेत्र निर्माण करतात, आणि पडद्यामागे या दोहोंची बेरीज शून्य होते.

आता त्या पडद्यात फटीच्या आकाराचं एक बूच आहे असं समजा. अख्ख्या पडद्यासाठी: दिवा अधिक पडद्याचा उरलेला भाग अधिक बूच, एकूण शून्य. बूच काढलं की उरतं दिवा अधिक पडद्याचा उरलेला भाग. म्हणजे फटीतून जे क्षेत्र आलं ते बुचाच्या क्षेत्राइतकंच, फक्त चिन्ह उलटं. आणि बूच म्हणजे तर खरोखरच तरंग सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी भरलेली जागा! तीव्रतेसाठी वर्ग करतो तेव्हा चिन्ह जातं. म्हणून रिकाम्या फटीचा प्रत्येक बिंदू तरंग सोडतो असं धरलं तरी उत्तर बरोबर येतं. बूच काढल्यावर फटीच्या अगदी कडेचे इलेक्ट्रॉन थोडं वेगळं वागतात, तेवढी तूट यात राहते. फट तरंगलांबीच्या मानाने बरीच रुंद असेल तर ती जाणवत नाही.

चौकटीबाहेर

हे तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा कळलं. इतकी वर्षं 'प्रकाश अडवला' हा शब्द मी विचार न करता वापरत होतो.

पाणवठा

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा विचारतो की अंधाराच्या पट्ट्यावर दोन तरंग एकमेकांना मारतात तर त्यांची ऊर्जा जाते कुठे? मला उत्तर देता आलं नाही.

लंबक

ताई, मुलाला शाबासकी द्या. उत्तर उजळ पट्ट्यांत आहे. एकेका फटीचा प्रकाश पडद्यावर १ एवढी तीव्रता देतो असं धरा. उजळ जागी आयाम जुळून दुप्पट होतो, आणि तीव्रता आयामाच्या वर्गाने जाते, म्हणून तिथे २ न येता ४ येते. अंधारात ०. पट्ट्यांची सरासरी घेतली तर २, म्हणजे दोन फटींनी जेवढं दिलं बरोबर तेवढंच. ऊर्जा नष्ट झालेली नाही, तिची वाटणी बदलली. त्याला इतकंच सांगा की अंधाऱ्या पट्ट्याचं सगळं उजळ पट्ट्याला गेलं.

चूक कुठे होते, तर तीव्रता थेट मिळवायला गेलं की. आधी बाणांची बेरीज, मग वर्ग. हा क्रम उलटला की व्यतिकरण कागदावरून नाहीसं होतं.

पाणवठा

मग खोलीत दोन दिवे लावले तर भिंतीवर पट्टे का नाही दिसत?

रात्रपाळी

कारण साध्या दिव्याचा बाण एका जागी टिकत नाही. असंख्य अणू आपापल्या वेळेला प्रकाश सोडतात, त्यामुळे दिव्याची फेज सेकंदाला कोट्यवधी वेळा वाटेल तशी बदलते. पट्टे असतात, पण इतक्या वेगाने इकडेतिकडे उड्या मारतात की डोळ्याला फक्त सरासरी दिसते, १ अधिक १ बरोबर २. यंग यांनी एकाच तिरिपेचे दोन भाग केले ते यासाठीच. फेज बदलली तरी दोन्हीकडे एकदमच बदलते, त्यामुळे दोघांतला फरक कायम राहतो. याला कोहेरंट असणं म्हणतात. दोन स्पीकरला एकाच यंत्रातून एकच सूर दिला तर खोलीत फिरताना मोठ्या आणि बारीक आवाजाच्या जागा कानाला स्पष्ट लागतात. जरूर करून बघा.

सुतारपक्षी

घरी पट्टे बघायचे असतील तर एक केस आणि सादरीकरणाला वापरतात तो कमी शक्तीचा लाल लेझर पॉइंटर पुरे. पॉइंटर घट्ट बसवा, समोर केस ताणून चिकटवा, दोन मीटरवर भिंत, खोलीत अंधार. आडवी पसरलेली ठिपक्यांची माळ दिसेल. किरणात थेट बघू नका आणि आरशासारखं काही वाटेत ठेवू नका, ही एक गोष्ट पक्की पाळा.

केस म्हणजे फट नव्हे, तिचं उलट, तरी अंधाराच्या जागा तेवढ्याच रुंदीच्या फटीसारख्या येतात. बुचाचाच मुद्दा इथेही लागू होतो. फटीचा प्रकाश अधिक केसाभोवतालचा प्रकाश म्हणजे मोकळा किरण, आणि मोकळा किरण बाजूला कुठेच जात नाही. म्हणजे बाजूच्या जागी दोघांची बेरीज शून्य, दोघं सारखे आणि उलटे. वर्ग केला की एकच चित्र.

निळीशाई

केलं! लेझरवर ६५० नॅनोमीटर लिहिलंय. भिंत २ मीटरवर. डावीकडच्या चौथ्या अंधारापासून उजवीकडच्या चौथ्या अंधारापर्यंत १४.६ सेंटिमीटर. मध्ये उजेडाचे ७ तुकडे मोजले, म्हणजे एक २०.९ मिलिमीटर. त्यावरून केस ६२ मायक्रोमीटर आला. पण पहिले दोन अंधार जवळून मोजले तर उत्तर ७० च्या वर जातंय. दोनदा मोजलं. कुठला आकडा खरा?

सुतारपक्षी

मोजणी चांगली आहे, भाग द्यायचा आकडा चुकला. मधला उजळ तुकडा बाकीच्यांच्या दुप्पट रुंद असतो. अंधार उणे १ आणि अधिक १ ला आहे, शून्याला नाही. तेव्हा तुकडे ७, पण अंतरं ८. १४.६ ला ८ ने भागा.

निळीशाई

१८.२५ मिलिमीटर. केस ७१ मायक्रोमीटर! जवळच्या मोजणीशी जुळलं. माझ्या केसाची जाडी प्रकाशाने मोजली याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही.

चौकटीबाहेर

मलाही करायचंय. केसाऐवजी जुनी सीडी चालेल का?

सुतारपक्षी

चालेल, पण तिथे खेळ वेगळा. सीडीवरच्या ओळींमध्ये १.६ मायक्रोमीटरचं अंतर असतं, म्हणजे हजारो उगम ओळीने. ६५० नॅनोमीटरला पहिला ठिपका २४ अंशांवर, दुसरा ५४ वर. तिसऱ्याला साइन १.२ लागेल, तो नाहीच. डीव्हीडीच्या ओळी ०.७४ मायक्रोमीटरवर, तिथे प्रत्येक बाजूला एकच ठिपका, ६१ अंशांवर. परावर्तित किरण डोळ्यावर येणार नाही असा कोन धरा.

निळीशाई

मग दोन फटींकडे परत येते, कारण आता एक गोष्ट माझी मलाच दिसली. आमच्या प्रयोगशाळेतल्या काचेवर दोन फटींमधलं अंतर ०.२५ मिलिमीटर आणि प्रत्येक फट ०.०५ मिलिमीटर रुंद. ६५० नॅनोमीटर, २ मीटरवर पट्टे ५.२ मिलिमीटरवर यायला हवेत. पाचवा पट्टा २६ मिलिमीटरवर. पण एकेका फटीचा पहिला अंधारही २६ वरच येतो. प्रत्येक फटीचं आपलं वर्तुळ तिथे बंद झालेलं असतं, म्हणजे जोडायला बाणच नाहीत. म्हणून पाचवा पट्टा गायब. गेल्या महिन्यात तो दिसला नाही तेव्हा मला वाटलं होतं मांडणी बिघडली आहे, आणि मी वहीत तो अंदाजाने लिहून टाकला होता. उद्या खोडून खरं लिहिणार.

लंबक

जरूर खोडा, आणि न दिसण्याचं कारण शेजारी लिहा. माझ्यासाठी ती त्या वहीतली सगळ्यात मोलाची नोंद असेल.

आता एक तुमच्यासाठी. फटी तीन, अरुंद, सारख्या अंतरावर. दोन उजळ पट्ट्यांच्या मधे काय दिसेल? सूत्र बघू नका.

निळीशाई

तीन बाण. शेजारच्या बाणांत एक तृतीयांश फेरीचा फरक झाला की त्रिकोण बंद, अंधार. दोन तृतीयांशला बाण उलट्या बाजूने वळत पुन्हा त्रिकोण, पुन्हा अंधार. या दोन अंधारांच्या बरोबर मधे, अर्ध्या फेरीला, एक वर, एक खाली, एक वर. दोन कटले, एक उरला. तिनांतला एक, म्हणजे तीव्रता एक नवमांश. तेव्हा प्रत्येक दोन उजळ पट्ट्यांच्या मधोमध एक अगदी फिका पट्टा, दोन्ही बाजूंना अंधार घेऊन. सुतारपक्षी, तुमच्याकडे तीन फटींची काच आहे का? असेल तर बघून सांगाल?

सुतारपक्षी

आत्ता लावून पाहिली. आहे, मधोमध फिका पट्टा आहे. डोळ्याने नववा भाग ठरवता येत नाही, पण प्रकाशमापक उद्या आणतो आणि आकडे इथेच टाकतो.